जातिवंत म्हणजे काय? एका छोट्या टेरिअरचा इतिहास

या व्याख्यानमालेत आम्ही सहसा माणसांच्या इतिहासावर बोलतो. आजचा विषय कुत्रा आहे. पण काळजी करू नका, बोलता बोलता माणसांवरच येऊ.

निमित्त घरचंच आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या घरी एक यॉर्कशायर टेरिअर आला. वय सहा वर्षं, वजन जेमतेम तीन किलो. ज्यांच्याकडे तो होता ते कुटुंब परदेशी निघालं होतं आणि त्याला नेणं त्यांना शक्य नव्हतं. आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे मोठा कुत्रा झेपला नसता. हा झेपेल असं वाटलं. त्याचं नाव प्रिन्स होतं, आमच्याकडे त्याचा पिंट्या झाला. सोपवताना त्या गृहस्थांनी एक फाइल हातात दिली आणि म्हणाले, "सर, पूर्ण जातिवंत आहे. कागद आहेत."

हा 'जातिवंत' शब्द आमच्या डोक्यात बसला. आपण मराठीत घोडा जातिवंत म्हणतो, कुत्रा जातिवंत म्हणतो, कधी कलावंतालाही म्हणतो. म्हणजे नेमकं काय म्हणतो? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला लगेच न्यायशास्त्र आठवलं. नैयायिकांच्या मते 'जाति' म्हणजे सामान्य: ते एक असतं, नित्य असतं आणि अनेक व्यक्तींमध्ये राहतं. गायी जन्मतात, मरतात, गोत्व मात्र राहतं. आता प्रश्न असा, की पिंट्याच्या फाइलमध्ये जी जात लिहिली आहे ती अशी नित्य आहे का? त्याचं उत्तर शोधायला आम्ही बसलो आणि इतिहासात जाऊन पडलो. सापडलं ते असं, की या जातीला जन्मगाव आहे, जन्मकाळ आहे, आणि तिला घडवणाऱ्या माणसांचे धंदेसुद्धा सांगता येतात.

सुरुवात 'टेरिअर' या शब्दापासून करू. मूळ लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन. जमिनीतल्या बिळात घुसून कोल्ह्याला, बिज्जूला बाहेर काढणारा तो टेरिअर. १५७० मध्ये जॉन कायस नावाच्या इंग्रज वैद्याने ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर एक लहानसं लॅटिन पुस्तक लिहिलं. केंब्रिजमधल्या एका कॉलेजच्या नावात आजही त्याचं नाव आहे. या पुस्तकातली वर्गवारी पाहण्यासारखी आहे. वासावर शिकार करणारे, नजरेवर शिकार करणारे, मेंढ्या राखणारे, बिळात शिरणारे आणि बायकांच्या मांडीवर बसणारे, अशी ती साधारण आहे. म्हणजे कुत्रा ओळखायचा तो त्याच्या कामावरून. त्याचा बाप कोण, रंग कोणता, कान उभे की पडके, हा प्रश्न मुख्य नव्हता. बिळात शिरतो ना? मग टेरिअर.

पुढची दोन-अडीचशे वर्षं हेच चाललं. प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक वाडीवर तिथल्या कामाला सोयीचे कुत्रे होते. त्यांची वंशावळ कुणी लिहीत नव्हतं.

आता आपण स्कॉटलंडला जाऊ, ग्लासगोजवळच्या पेस्ली गावात. हे विणकरांचं गाव. आपल्या साडीच्या काठावर जी कोयरी असते, तिला इंग्रजीत या गावाच्या नावाने 'पेस्ली' म्हणतात. काश्मिरी शालींची युरोपात मागणी वाढली, तेव्हा पेस्लीच्या विणकरांनी त्यांची नक्कल करून स्वस्त शाली विणल्या, आणि आपली कोयरी त्यांच्या नावावर चढली. असो. याच भागात लांब रेशमी केसांचे छोटे टेरिअर होते. पुढे त्यांना पेस्ली टेरिअर, क्लाइड्सडेल टेरिअर अशी नावं पडली. ती जात आज नामशेष आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमाग बसू लागला. यंत्रमागापुढे टिकाव लागेना, तशी स्कॉटलंडमधली कामगार कुटुंबं कामाच्या शोधात दक्षिणेला, इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये उतरली. ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, लीड्स ही सगळी लोकरीच्या गिरण्यांची गावं. शतकाच्या सुरुवातीला ब्रॅडफर्ड हे एक लहान बाजारगाव होतं. १८५१ च्या जनगणनेत त्याची वस्ती एक लाखावर गेली. कोकणातून, देशावरून गिरणगावात आलेल्या माणसांच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. एका खोलीत कुटुंब, गटारं उघडी, आणि उंदीर घरातही अन् गिरणीतही. या स्थलांतरितांनी बोचक्यांबरोबर आपले छोटे टेरिअर आणले. ते खिशात मावत, थोडक्यात भागवत आणि उंदीर मारत. गरिबाच्या घरी कुत्रा असा कामाचाच हवा.

उंदीर मारण्याला आणखी एक अंग होतं. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून बैलावर, अस्वलावर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद केले. उंदीर मात्र त्या दयेच्या कक्षेत कुणी धरले नाहीत. मग दारूच्या गुत्त्यांमागे लाकडी हौद्यांत शेकड्यांनी उंदीर सोडायचे, त्यात टेरिअर टाकायचा, आणि किती मिनिटांत किती मारतो यावर पैजा लावायच्या, हा धंदा फोफावला. कायद्याने एक क्रौर्य बंद केलं आणि दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळवून दिलं. इतिहासात असं पुष्कळदा होतं.

तर अशा या वातावरणात यॉर्कशायरच्या कामगारांनी स्कॉटलंडहून आलेले टेरिअर स्थानिक टेरिअरांशी जुळवले. त्यांनी कशावर कटाक्ष ठेवला? आकार लहान, केस लांब आणि रेशमी, पाठीवर पोलादी निळसर रंग, तोंडावर आणि पायांवर तांबूस सोनेरी. ही माणसं दिवसभर लोकर हाताळणारी होती. धाग्याचा पोत, लांबी, झळाळी बोटांना कळत होती. लोकांनी थट्टाही केली, की या कुत्र्याचे केस मागावरच विणलेले दिसतात. थट्टेत तथ्य आहे. ज्या नजरेने लोकर निवडली, त्याच नजरेने कुत्रा निवडला.

यात एक दुखरी जागा आहे, ती सांगायला हवी. ब्रॅडफर्डमध्ये लोकर विंचरणाऱ्यांचा मोठा वर्ग होता. राहत्या खोलीत कोळशाच्या शेगडीवर फण्या तापवायच्या आणि हाताने लोकर विंचरायची. धुराने छाती खराब व्हायची, पण कसब होतं, त्यावर पोट होतं. १८५० च्या दशकात विंचरण्याची यंत्रं आली आणि हा हातधंदा बुडाला. यॉर्कशायर टेरिअर आकाराला आला तो याच काळात. या दोन गोष्टींचं कार्यकारण आम्ही जोडत नाही, तेवढा पुरावा आमच्याकडे नाही. पण रोज संध्याकाळी पिंट्याचे केस विंचरताना त्या हातांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आता कामाचा कुत्रा 'जात' कधी झाला? इथे सन-तारखा देता येतात. १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आधुनिक श्वानप्रदर्शनांची सुरुवात तिथून धरतात. १८६५ मध्ये हडर्सफील्डमध्ये एक पिल्लू जन्मलं. त्याचं नाव बेन. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर या बाईंनी त्याला प्रदर्शनांतून फिरवलं. त्याने सत्तरहून अधिक बक्षिसं मिळवली, आणि उंदीर मारण्यातही तो मागे नव्हता. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो गेला. आयुष्य सहा वर्षांचं, पण संतती एवढी की 'हडर्सफील्ड बेन' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. गंमत म्हणजे तो स्वतः आजच्या मापाने मोठाच होता. त्याची पिल्लं मात्र छोटी निघत, म्हणून त्याला मागणी.

१८७० च्या सुमारास एका वार्ताहराने लिहिलं, की या कुत्र्यांना आता स्कॉच टेरिअर म्हणणं बरोबर नाही, त्यांची सुधारणा यॉर्कशायरने केली, तेव्हा नाव यॉर्कशायरचं असावं. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, १८७४ मध्ये वंशावळींची पहिली नोंदवही निघाली. १८८६ मध्ये क्लबाने यॉर्कशायर टेरिअरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. झालं. गिरणीतल्या माणसांनी घडवलेला कुत्रा वहीत गेला, आणि वहीतून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात.

या वहीने काय बदललं ते बघा. कायसच्या वेळी प्रश्न होता, "हा काय करतो?" आता प्रश्न झाला, "हा कुणाचा?" काम संपलं, कुळ सुरू झालं. आणि कुळ शुद्ध राखायचं तर लग्नं जवळच्या नात्यातच लावावी लागतात. हडर्सफील्ड बेनची वंशावळसुद्धा अशाच जवळच्या नात्यातल्या संबंधांची आहे. सुरुवातीला त्याने हवे ते गुण पक्के झाले, पण दोषही त्याच वाटेने पक्के झाले. २००९ मध्ये त्याच केनेल क्लबाने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंद करणं बंद केलं. शुद्धतेच्या कल्पनेची किंमत समजायला एक शतक पुरं पडलं नाही. आम्ही हे कुत्र्यांबद्दल बोलतो आहोत. पण 'जात' हा शब्द आपल्या भाषेत एकटा कधी येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जे नित्य, स्वाभाविक म्हणून आपल्यासमोर मांडलं जातं, त्याची नोंदवही कुणी, कधी सुरू केली, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. नैयायिकांचं गोत्व नित्य असेल. हे टेरिअरत्व दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं आहे.

आपल्याकडे म्हण आहे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. म्हणजे मूळ स्वभाव बदलत नाही. ही म्हण खरी की खोटी? शरीराच्या बाबतीत तर साफ खोटी. दोन-तीन पिढ्यांच्या माणसांनी अंगभर बदल घडवून दाखवला. स्वभावाच्या बाबतीत मात्र म्हणीत दम आहे. पिंट्या सहा वर्षं तेराव्या मजल्यावर राहिला होता, माती त्याने फारशी पाहिली नव्हती. आमच्या तळमजल्यावर आला आणि तिसऱ्या दिवशी अंगणातला अबोलीचा वाफा उकरून ठेवला. घूस दिसली की तीन किलोचा हा जीव असा धावतो, की मागे हडर्सफील्डची अख्खी गल्ली उभी आहे.

नळीवरून एक खरी हकिकत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या फेब्रुवारीत, न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकन सैनिकांना खड्ड्यात एक यॉर्कशायर टेरिअर सापडली. ती तिथे कशी पोचली हे गूढच. विल्यम विन नावाच्या सैनिकाने दोन ऑस्ट्रेलियन पौंड देऊन ती विकत घेतली, नाव ठेवलं स्मोकी. वजन चार पौंड. पुढे फिलिपाइन्समध्ये लिंगायेनच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. नळी सुमारे ७० फूट लांब, ८ इंच व्यासाची, आणि सांध्यांतून माती पडून काही ठिकाणी निम्मी बुजलेली. माणसांनी खणायचं तर तीन दिवस काम, आणि डोक्यावर शत्रूची विमानं. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला विन बसून हाका मारू लागला, आणि ती काही मिनिटांत आरपार आली. इथे शेपटासकट सगळा कुत्राच नळीत गेला, आणि त्याचा मूळ स्वभावच कामाला आला. बिळात शिरायची ती जुनी ओढ आणि माणसाच्या हाकेवरचा विश्वास. ती युद्धानंतर १९५७ पर्यंत जगली. इस्पितळातल्या जखमी सैनिकांजवळ तिला नेत, म्हणून रुग्णांना आधार देणाऱ्या पहिल्या कुत्र्यांत तिची गणना होते.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, सांभाळायचं कसं ते सांगा. आमचं म्हणणं असं की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. माणसाने या कुत्र्याच्या शरीरात जे जे फेरफार केले, त्या प्रत्येकाचं एक बिल आहे, आणि ते सांभाळणाऱ्याने भरायचं असतं.

केसांपासून सुरू करू. बहुतेक कुत्र्यांना वरच्या केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर असतो. याला तो नाही. एकच थर, आपल्या केसांसारखा सतत वाढणारा. गळतो कमी, पण गुंततो फार. रोज विंचरला नाही तर गाठी होतात आणि खाली कातडी सडते. प्रदर्शनाला नेणारे लोक केस कागदात गुंडाळून ठेवतात. आम्ही सरळ आखूड कापून घेतो. डोळ्यांवर येणारे तेवढे बांधायचे किंवा कापायचे. आतला थर नसल्यामुळे थंडीत त्याला स्वेटर लागतो. तो लाड नव्हे, गरज आहे. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावर न्यायचं नाही. आधी आपला तळहात रस्त्यावर टेकून बघायचा.

मग दात. कुत्र्याला ४२ दात असतात. अल्सेशियनलाही ४२ आणि यालाही ४२. जबडा लहान केला, दात तेवढेच राहिले. मग गर्दी, किटण, हिरड्या सुजणं. पिल्लांचे दुधाचे दात कधीकधी पडतच नाहीत, ते काढावे लागतात. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते, तिनेच रोज दात घासायचे. आपली पेस्ट वापरायची नाही. पिंट्या आला तेव्हा त्याचे पाच दात काढावे लागले. कागद उत्तम होते, तोंडात कुणी पाहिलं नव्हतं.

तिसरं, श्वासनलिका. या छोट्या जातींत नलिकेच्या कूर्चेच्या कड्या नाजूक असतात. गळ्याच्या पट्ट्याला साखळी लावून ओढलं की नलिका दबते आणि बदकासारखा कोरडा खोकला येतो. पहिले पंधरा दिवस आम्हीच त्याला गळ्यातल्या पट्ट्याने फिरवलं, आणि खोकला 'हवामानाचा' समजत राहिलो. डॉक्टर बाईंनी समजावलं तेव्हा छातीभोवतीचा पट्टा आणला. गुडघ्याची वाटीही अशीच चटकन सरकते, म्हणून सोफ्याखाली एक पाट ठेवला आहे, उडी मारायला लागू नये म्हणून.

खाण्याची गोष्ट मोठी आहे, कारण चूक आमची आहे. गेल्या श्रावणात सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा, त्यात साजूक तूप आणि बेदाणे. म्हटलं, प्रसाद आहे, त्यालाही दोन घास. रात्री उलट्या सुरू झाल्या. द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि तुपासारख्या स्निग्ध पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येते, हे आम्हाला त्या रात्री कळलं. दोन दिवस सलाइन लागलं, तो वाचला. तीन किलोच्या जीवाला चार बेदाणेही थोडे नसतात. कांदा, लसूण, चॉकलेट, साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल, सगळं वर्ज्य. म्हणजे आपल्या फोडणीचं काहीच चालत नाही. पिल्लू असेल तर उलटी अडचण: फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर घसरून ते बेशुद्ध पडू शकतं, म्हणून थोडं थोडं, पण वेळेवर खायला द्यायचं. या जातीत यकृताला बाजूला टाकून जाणाऱ्या रक्तवाहिनीचा जन्मजात दोषही आढळतो. पिल्लाची वाढ खुंटली, खाल्ल्यावर ते गुंगीत वागलं, तर तपासणी करून घ्यावी.

लसींत रेबीज तर आहेच, पण लेप्टोही चुकवू नका. उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा हा रोग पावसाळ्यात आपल्याला ऐकून माहीत असतो. ज्याच्या रक्तात उंदरांमागे धावणं आहे, त्याला तर तो आधी गाठणार.

आणि एक विनंती. बाजारात 'टीकप यॉर्की' म्हणून कपात मावणारी पिल्लं विकतात. केनेल क्लब अशी कुठलीही जात मानत नाही. तो विक्रीचा शब्द आहे. आणखी लहान म्हणजे हाडं आणखी ठिसूळ, साखर आणखी अस्थिर. ब्रॅडफर्डच्या कामगाराला लहान कुत्रा हवा होता, कारण घर लहान होतं आणि उंदराची बिळं अरुंद होती. आपल्याला तो आणखी लहान कशासाठी हवा आहे?

शेवटी शेपटाबद्दल. पिंट्याचं शेपूट अर्धंच आहे. बिळात काम करणाऱ्या कुत्र्याला इजा होते या सबबीखाली टेरिअरांची शेपटं पिल्लूपणीच कापण्याची रीत पडली. काम गेलं, बीळ गेलं, कापणं चालूच राहिलं. इंग्लंडमध्ये २००७ पासून त्यावर बंदी आहे, काही कामाच्या कुत्र्यांचे अपवाद सोडून. पिंट्याचं कुणी कापलं, आम्हाला माहीत नाही. तो ते अर्धं शेपूट हलवतो तेव्हा मागचा सगळा भागच हलतो. पुरं शेपूट असतं तर काय केलं असतं, असं आम्ही एकमेकांना विचारतो.

आमचं वय आणि त्याचं वय यांचा हिशेबही आम्ही केला आहे. या जातीचे कुत्रे बारा ते पंधरा वर्षं जगतात. त्याच्या मागे आम्ही राहू की आमच्या मागे तो, सांगता येत नाही. म्हणून पुतणीशी बोलून ठेवलंय, तसं लिहूनही ठेवलंय. मोठ्या वयाचा कुत्रा दत्तक घेणाऱ्या मोठ्या वयाच्या माणसांनी हे पहिल्या दिवशीच करावं.

त्या गृहस्थांनी दिलेली फाइल कपाटात आहे. तीन पिढ्यांची नावं आहेत, शिक्के आहेत. दीड वर्षात ती एकदाच उघडली, या व्याख्यानासाठी. लसीकरणाचं पुस्तक मात्र फ्रिजवर असतं, कोपरे दुमडलेत, हळदीचा डागही पडलाय. जातिवंत कोण, ते फाइलवरून ठरवा किंवा ठरवू नका. पण कुत्रा घरी आणायचा विचार असेल, तर आधी विचारा की हे दुसरं पुस्तक तुम्ही किती वर्षं भरू शकाल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.